समुद्र एवढा मोठा, मग सील उपाशी का राहील?

१ ऑगस्ट २०२५ रोजी अंटार्क्टिकाजवळची क्रिलची मासेमारी हंगाम संपायला चार महिने बाकी असतानाच थांबवावी लागली. दक्षिण अटलांटिकच्या त्या पट्ट्यासाठी ६,२०,००० टनांची मर्यादा आहे आणि ती पहिल्यांदाच भरली. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखा दिसणारा, पण करंगळीएवढा समुद्री जीव. अंटार्क्टिकातले कित्येक सील, देवमासे आणि पेंग्विन त्याच्यावर जगतात. पुढे ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने धोक्यातल्या प्राण्यांची लाल यादी सुधारली. तिच्यात उत्तर ध्रुवाकडच्या तीन सीलांची स्थिती खालावल्याची नोंद झाली. हूडेड सील ‘संकटग्रस्त’ ठरला. हार्प सील आणि दाढीवाला सील आतापर्यंत काळजी नसलेल्या गटात होते, ते धोक्याच्या उंबरठ्यावर आले.

ही बातमी घरात मोठ्याने वाचली तेव्हा माझ्या पुतणीने विचारलं, “काका, समुद्र केवढा मोठा आहे! मग सीलला खायला कमी कसं पडेल?”

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर द्यायचं तर सील जेवतात कुठे इथपासून सुरुवात करावी लागते. समुद्र मोठा असला तरी त्याचा बहुतेक भाग सीलच्या दृष्टीने माळरान आहे. पोट भरेल अशी शिवारं मोजकीच आहेत, लांब लांब आहेत आणि ती कुठे पिकतात याची कारणं ठरलेली आहेत.

## आधी सीलविषयी दोन गोष्टी

आपल्याकडे सर्रास ‘सील मासा’ असं लिहिलं जातं. सील मासा नाही. तो पिलाला दूध पाजतो आणि हवेत श्वास घेतो. त्याचे पूर्वज जमिनीवरचे मांसाहारी प्राणी होते, त्यामुळे नात्याने तो अस्वलाला आणि कुत्र्याला जवळचा.

पुढचं सगळं गणित त्याच्या श्वासावर उभं आहे. हवा वर, अन्न खाली. प्रत्येक घास म्हणजे एक बुडी. गावच्या विहिरीत तळाला गेलेली कळशी काढायला उतरणारा माणूस आठवा. त्याला खाली घुटमळायला वेळ नसतो, कळशी कुठे पडली हे आधी ठाऊक असावं लागतं. सीलचं तसंच आहे. तो आपल्यापेक्षा फार चांगला पाणबुड्या आहे हे खरं. प्राणवायू तो फुप्फुसांपेक्षा रक्तात आणि स्नायूंत साठवतो, म्हणून त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. बुडी मारण्याआधी तो श्वास आत घेण्याऐवजी बाहेर सोडतो, खाली गेल्यावर त्याचं हृदय संथ होतं. तरीही प्रत्येक बुडीला ताकद खर्च होते. एकेक दाणा वेचून पोट भरणं त्याला परवडत नाही. त्याला रास लागते.

## पाणी थंड, मग सुपीक कसं?

समुद्रातल्या अन्नाची सुरुवात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या शेवाळापासून होते. शेवाळ म्हणजे समुद्राचं गवत. त्याला दोन गोष्टी हव्यात, उजेड आणि खत. उजेड फक्त वरच्या थरात असतो. खत मात्र खाली साचतं, कारण मेलेलं सगळं तळाकडे बुडतं.

उष्ण समुद्रात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि दुधावरच्या सायीसारखं वरच तरंगतं. खालचं खत वर येत नाही. म्हणूनच उष्ण कटिबंधातलं निळंशार, नितळ पाणी दिसायला सुंदर पण बरंचसं नापीक असतं. ध्रुवांकडे वरचं पाणीही थंड आणि जड. हिवाळ्याचे वारे सुटले की रवी फिरावी तसा समुद्र घुसळला जातो आणि खालचं खत वर येतं. वसंतात सूर्य परतला की शेवाळाला एकदम बहर येतो.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खोलातलं थंड पाणी वर येतं. तारली आणि बांगड्याची चंगळ त्याच पाण्यावर पोसलेली असते.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात एक अडचण आहे. तिथे बाकी खत मुबलक असतं, पण लोह फार कमी. पंगतीत सगळे पदार्थ वाढले आणि मीठच नाही, अशी गत. लोह येतं ते जमिनीच्या आसपासच्या उथळ तळातून, बेटांवरून, वितळणाऱ्या बर्फातून. त्यामुळे दक्षिण महासागर सगळीकडे सारखा पिकत नाही. जिथे लोह मिळतं तिथेच हिरवा पट्टा उठतो आणि बाकीचा समुद्र भर उन्हाळ्यातही ओसाड राहतो.

## पाण्यालाही बांध असतात

मुंबईहून किंचित पश्चिमेकडे झुकून सरळ दक्षिणेला निघालात, तर सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर कर्गेलन बेटं लागतात. ती फ्रान्सच्या ताब्यात आहेत. कायमची वस्ती नाही, फक्त संशोधनतळ आहे. वारा अखंड घोंघावत असतो. हा हिंदी महासागराचाच दक्षिण भाग, आणि दक्षिणी हत्तीसीलांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे. नराचं नाक सोंडेसारखं फुगतं म्हणून हे नाव. नर तीन-चार टनांपर्यंत वाढतो, मादी साधारण अर्ध्या टनाची.

कर्गेलनजवळून समुद्रातली एक अदृश्य सीमा जाते. तिच्या दक्षिणेचं पाणी फार थंड, उत्तरेचं त्यापेक्षा उबदार. दोन्ही भेटतात तिथे थंड पाणी उबदार पाण्याच्या खाली बुडी मारतं. अशा सीमेला शास्त्रज्ञ फ्रंट म्हणतात. मी तिला बांध म्हणेन, कारण शेताच्या बांधावर जसं ओलाव्याने गवत माजतं तसंच इथे घडतं. पाणी एकमेकांत मिसळतं, मोठमोठे भोवरे सुटतात, एखादा भोवरा तालुक्याएवढा असतो. खत वर येतं, शेवाळ वाढतं, त्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे.

आपले कोळी बांधव हेच तत्त्व रोज वापरतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान आणि शेवाळाचा हिरवेपणा पाहते आणि ‘संभाव्य मासेमारी क्षेत्र’ कळवते. तापमान जिथे एकदम बदलतं त्या रेषेभोवती मासळी जमण्याची शक्यता जास्त, एवढाच त्यामागचा साधा विचार. हत्तीसीलची मादी हजारो किलोमीटर पोहून अशाच रेषेवर पोचते, आणि तिला संदेश पाठवणारं कुणी नसतं.

तिथे ती मुख्यतः कंदीलमासे खाते. बोटभर लांबीचे, अंगावर मिणमिणते दिवे असलेले हे मासे. दिवसा ते खोल अंधारात दडून बसतात आणि रात्री वर येतात. मादीच्या बुड्याही त्यांच्यामागे चालतात, दिवसा खोल, रात्री उथळ. साधारण ४०० ते ६०० मीटर खोल, वीस-पंचवीस मिनिटांची एक बुडी, मग वर दोन-तीन मिनिटं श्वास आणि लगेच पुढची बुडी. दिवसाला साठेक वेळा. असं महिनोन्महिने चालतं. काही हत्तीसील दोन हजार मीटरच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. ते शिखर उलटं करून पाण्यात बुडवलं तरी त्याच्या टोकाच्याही खाली.

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती या प्राण्याची चिकाटी. आयुष्याचा बराच मोठा भाग त्याने पाण्याखाली, अंधारात, श्वास रोखून काढलेला असतो.

## हे सगळं कळलं कसं?

पाण्याखाली जेवणाऱ्या प्राण्याच्या मागे कुणी जाऊ शकत नाही. सुरुवात मोठी साधी होती. १९६०च्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकात वेडेल जातीच्या सीलांवर खोलीमापक बसवला. त्याच्या आत स्वयंपाकघरात वापरतात तसलं टायमरचं घड्याळ होतं. यंत्र परत मिळावं म्हणून त्याने युक्ती केली. बर्फाला असं भोक पाडलं की आसपास दुसरं भोक किंवा भेग नाही. सील कुठेही गेला तरी श्वास घ्यायला त्याच भोकाशी परतणार.

आता यंत्रं बदलली आहेत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात घडवलेलं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं एक उपकरण सीलच्या डोक्यावरच्या केसांना चिकटवतात. वर छोटी अँटेना. सील बुडी मारतो तेव्हा ते खोली, पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजत राहतं. सील वर आला की त्या दोन-तीन मिनिटांत उपग्रहाला आटोपशीर संदेश जातो.

पण नुसती जागा कळून भागत नाही. एखादा माणूस बाजारात गेला म्हणजे त्याने काही घेतलंच असं नसतं. सीलने तिथे खरंच खाल्लं का, हे कसं कळावं? त्याचं उत्तर शास्त्रज्ञांनी मोठ्या हुशारीने शोधलं.

हत्तीसील अधूनमधून अशी बुडी मारतो की मध्येच पोहणं थांबवून पाण्यात नुसता पडून राहतो, झाडाचं पान पडावं तसा. तो तेव्हा विश्रांती घेत असतो. उत्तर प्रशांत महासागरातल्या त्याच्या भावकीवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या प्राण्यांना समुद्रात दिवसाला सरासरी दोनच तास झोप मिळते, तीही अशा बुड्यांमध्ये. आता पाहा, चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. सील हडकुळा असेल तर पडून राहिल्यावर झपाट्याने खाली जातो. चरबी चढली की हळू बुडतो, आणि फारच गुटगुटीत झाला तर चक्क वर तरंगू लागतो. म्हणजे आठवड्या-आठवड्याला त्याच्या बुडण्याचा वेग पाहिला की तो कुठे सुटला आणि कुठे उपाशी राहिला हे हजारो किलोमीटरवरून कळतं. आई मुलाला कडेवर घेऊन वजन वाढलं का ते ओळखते ना, तसंच.

दुसरी खूण मिशांची. मिशी वाढताना त्या त्या काळात खाल्लेल्या अन्नाची रासायनिक ओळख तिच्यात उतरत जाते. दक्षिण महासागरात जसजसं ध्रुवाकडे जावं तसतसं अन्नातल्या कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण बदलतं. त्यामुळे एका मिशीचे बारीक तुकडे करून तपासले की सील कोणत्या महिन्यांत साधारण किती दक्षिणेला जेवला हे वाचता येतं.

## नर दक्षिणेला का जातात?

कर्गेलनच्या बऱ्याच माद्या खुल्या समुद्रातल्या बांधांवर चरतात. नरांतले बरेचसे मात्र थेट अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याकडे, समुद्रबूड जमिनीवर जातात. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो ती समुद्रबूड जमीन, म्हणजे खंडाचा पाण्याखाली गेलेला उतरता ओटा. अंटार्क्टिकाचा हा ओटा इतर खंडांपेक्षा खोल, कित्येक ठिकाणी ४००-५०० मीटर. एवढी खोली हत्तीसीलच्या सहज आवाक्यात आहे, त्यामुळे तो तळाशी जाऊन तिथले मासे धरतो.

इथे डोक्यातलं एक चित्र बदलावं लागतं. आपल्याला वाटतं खोल जावं तसं पाणी जास्त थंड. अंटार्क्टिकाजवळ उलटं असतं. वरचं पाणी गोठणबिंदूला टेकलेलं असतं, म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपास. त्याच्या खाली मात्र महासागरातून आलेलं शून्याच्या वरचं, थोडं कोमट पाणी असतं. ते खारट असल्यामुळे जड, म्हणून खाली. हे पाणी जिथे दऱ्यांमधून ओट्यावर चढतं तिथे खत येतं, जीव जमतात आणि सीलही पोचतात.

सीलांनी अशा दऱ्या माणसाला शोधूनही दिल्या आहेत. पूर्व अंटार्क्टिकात व्हँडरफर्ड हिमनदीजवळ हत्तीसील नकाशातल्या समुद्रतळाच्याही खाली जात असल्याचं नोंदींत दिसलं. सील तळ फोडून जाणार नाही, म्हणजे नकाशा चुकीचा. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नुयिना जहाजाने ध्वनिलहरी सोडून मोजलं तर दोन हजार मीटरपेक्षा खोल घळ निघाली. तिचं नाव ठेवलं मिरुंगा-नुयिना. मिरुंगा हे हत्तीसीलचं शास्त्रीय नाव. घळीच्या नावात शोधणाऱ्या प्राण्याला आधी मान मिळाला, हे मला फार आवडलं.

कर्गेलनच्या दक्षिणेला आणखी खाली प्रिड्झ उपसागर आहे. त्याच्या काठावर, लार्समन टेकड्यांमध्ये, आपलं भारती संशोधन केंद्र २०१२ पासून उभं आहे. त्या परिसरात पोलिन्या असतात. हा मूळ रशियन शब्द. भर हिवाळ्यात चहूबाजूंनी बर्फ असताना मध्ये उघडं राहिलेलं पाणी म्हणजे पोलिन्या. खंडावरून घसरत येणारा जोरदार वारा नवा बर्फ सतत पुढे ढकलत राहतो, म्हणून ते पाणी उघडं. सीलसाठी ती श्वासाची खिडकी, आणि वसंतात तिथे शेवाळ लवकर बहरतं.

याच भागातल्या केप डार्नली पोलिन्याविषयी २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने मोठा शोध जाहीर झाला. बर्फ तयार होताना मीठ मागे टाकतो, ते पाणी इतकं जड होतं की उतारावरून थेट महासागराच्या तळाशी जातं. जगाच्या खोल समुद्रात पसरणाऱ्या या पाण्याचा एक उगम केप डार्नलीला आहे हे सिद्ध करताना समुद्रात बांधून ठेवलेल्या यंत्रांच्या जोडीला हत्तीसीलांनी आणलेली मोजमापंही होती. हिवाळ्यात तिथे जहाज पोचणं जवळपास अशक्य. सील मात्र आपलं पोट भरायला तिथेच असतात.

## बर्फाच्या छपराखाली

वेडेल सील किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या सागरी बर्फाखाली राहतो. इतक्या दक्षिणेला दुसरा कोणताही सस्तन प्राणी आपणहून कायम राहत नाही. श्वासाची भोकं गोठू नयेत म्हणून तो दातांनी कड घासत राहतो, त्यात दात झिजतात. खाली उतरून तो चंदेरी रंगाचे छोटे मासे आणि माणसाएवढा मोठा होणारा टूथफिश धरतो. बर्फाच्या पोटातल्या फटींत लपलेले मासे हुसकावण्यासाठी तो नाकातून हवेचे बुडबुडे सोडतो, हे त्याच्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांतून दिसलं आहे.

खेकडेखाऊ सील सुट्या, तरंगत्या बर्फावर राहतो. नाव खेकडेखाऊ, पण त्याच्या जेवणात नव्वद टक्क्यांहून जास्त क्रिल असतो. त्याच्या दातांना नक्षीदार खाचा असतात. तोंडभर पाणी घ्यायचं, दात मिटायचे, पाणी बाहेर सोडायचं. जवळा चाळणीत धुवावा तसा क्रिल आत उरतो.

आणि क्रिल कुठे असतो? हिवाळ्यात सागरी बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळाचा थर धरतो. क्रिलची पिल्लं तो खरवडून जगतात. बर्फ हे त्यांचं पाळणाघर आहे आणि कोठारही. वसंतात बर्फाची कड मागे सरकते, वितळलेलं गोडं पाणी वर हलक्या थरासारखं राहतं, त्यात शेवाळ उजेडातच टिकून झपाट्याने वाढतं. म्हणजे मागे सरकणारी बर्फाची कड हे एक चालतं शिवार आहे.

## बर्फ कमी झाला तर मोकळं पाणी वाढेल. सीलचं भलंच ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पूर्ण चुकीचा नाही. बर्फ फार पसरला तर हत्तीसीलच्या माद्या ओट्यावरून मागे हटतात, बर्फाच्या कडेबरोबर उत्तरेकडे सरकतात. नर भेगांच्या आधाराने आत टिकून राहतात. तेव्हा काही ठिकाणी कमी बर्फ त्यांना सोयीचा ठरू शकतो.

पण क्रिलखाऊंसाठी बर्फ जाणं म्हणजे पाळणाघर जाणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांची नोंद सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता. त्या वर्षीच्या हिवाळ्यातही तो नेहमीएवढा पसरला नाही.

उत्तर ध्रुवाकडे तर अडचण साध्या भूमितीची आहे. दाढीवाला सील उथळ समुद्राच्या तळावर लांब मिशांनी चाचपून शिंपले आणि खेकडे खातो आणि विश्रांतीला वर तरंगत्या बर्फावर येतो. वर खाट, खाली ताट. बर्फाची कड उत्तरेला सरकून खोल समुद्रावर गेली की खाट राहते, पण ताट हजारो मीटर खाली जातं. हूडेड सीलची मादी पिलाला जेमतेम चार दिवस दूध पाजते, सस्तन प्राण्यांतला हा सर्वांत छोटा काळ. तेवढे चार दिवस तरी पायाखालचा बर्फ टिकायला हवा.

## क्रिल कोट्यवधी टन आहे, थोडा पकडला तर काय?

२०१९ मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी मिळून दक्षिण अटलांटिकच्या या पट्ट्यात क्रिल मोजला, तो सहा कोटी टनांच्या वर भरला. त्याच्यापुढे सहा लाख वीस हजार टन म्हणजे जेमतेम एक टक्का. आकडा ऐकून कुणीही निश्चिंत होईल.

पण प्रश्न किती पकडला यापेक्षा कुठे पकडला हा आहे. जहाजंही सीलसारखीच रास शोधतात, विखुरलेला क्रिल त्यांनाही परवडत नाही. दोघे एकाच शिवारात उतरतात. पूर्वी ही मर्यादा वेगवेगळ्या भागांत वाटून दिलेली होती, म्हणजे एकाच जागेवर सगळा बोजा पडू नये. ती वाटणी २०२४ मध्ये संपली आणि ती पुढे वाढवण्यावर अंटार्क्टिकातल्या सागरी जीवांच्या संवर्धनासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांचं एकमत झालं नाही. भारतही त्या कराराचा सदस्य आहे. माझ्या मते एकूण मर्यादा कमी करण्याच्या वादापेक्षा ही वाटणी परत आणणं जास्त निकडीचं आहे. जिल्ह्यात पाणी पुरेसं आहे असं सांगून एकाच गावच्या विहिरीला दहा पंप लावले, तर त्या गावाचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

## मुक्या प्राण्याच्या डोक्यावर यंत्र चिकटवणं योग्य आहे का?

विचारायलाच हवा असा प्रश्न. उपकरण कातडीत रोवत नाहीत, केसांवर चिकटवतात. हत्तीसील वर्षातून एकदा किनाऱ्यावर येऊन केसांसकट वरची कातडी टाकतो, तेव्हा ते आपोआप गळून पडतं. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या मॅक्वारी बेटावरच्या दीर्घ अभ्यासात उपकरण लावलेल्या आणि न लावलेल्या सीलांच्या वजनात किंवा जगण्यात फरक आढळला नाही. पकडताना प्राण्याला त्रास होतो, हे मान्य करावं लागेल. त्या बदल्यात मिळालेली पाच लाखांहून जास्त मोजमापं आज एका आंतरराष्ट्रीय संग्रहात सर्वांसाठी खुली आहेत, आणि बर्फाखालच्या समुद्राविषयी आपल्याला जे कळतं त्याचा मोठा हिस्सा त्यांच्यातून आलेला आहे.

## महाराष्ट्राचा, गोव्याचा याच्याशी काय संबंध?

६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली, आणि आज वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. पण त्याहून जवळचा संबंध पाण्याचा आहे. अरबी समुद्र उत्तरेकडे जमिनीने बंद आहे. त्याच्या तळाशी जे थंड पाणी आहे त्याचं मूळ दक्षिणेला, अंटार्क्टिकाकडेच जातं. प्रिड्झ उपसागरात वितळणाऱ्या हिमनद्यांच्या गोड्या पाण्यामुळे ते जड पाणी तयार होण्यात अडथळा येतो, हे २०१६ मध्ये दाखवून दिलं गेलं. त्यासाठीची मोजमापंही सीलांचीच होती.

## एक शिवार गेलं तर सील दुसरं शोधेल की!

काही शोधतीलही. पण हत्तीसील आपल्या चराईच्या जागा सहजासहजी सोडत नाहीत. तोच सील वर्षानुवर्षं त्याच भागात परततो, एखाद्या वर्षी तिथे कमी मिळालं तरी. एवढ्या विस्तीर्ण पाण्यात ओळखीची जागा सोडून भटकण्यात धोका जास्त असतो.

शिवाय मादीकडे वेळ मोजका असतो. उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुमारास, ती कर्गेलन सोडते ती सात-आठ महिन्यांसाठी, आणि या सगळ्या प्रवासात तिच्या पोटात पिल्लू वाढत असतं. ऑक्टोबरला किनाऱ्यावर येऊन ती विते आणि मग सुमारे तेवीस दिवस काहीही न खाता दूध पाजते. चाळीसेक किलोचं पिल्लू तेवढ्यात सव्वाशे किलोच्या आसपास जातं. त्या दुधाचा थेंबन् थेंब त्या बांधावरच्या कंदीलमाशांतून आलेला असतो. तिथे कमी मिळालं की इथे पिल्लू हलकं राहतं.

चोविसाव्या दिवशी मादी समुद्रात परत जाते. पिल्लू किनाऱ्यावर एकटं उरतं. पाच-सहा आठवडे ते आईने दिलेल्या चरबीवर काढतं, उथळ पाण्यात बुड्या मारायला शिकतं आणि एके दिवशी खुल्या समुद्रात उतरतं. बांध कुठे आहे हे त्याला कुणीही दाखवलेलं नसतं. तो सापडेपर्यंत अंगावरची चरबी पुरायला हवी.